किल्ल्यांचा जुडगा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, हे त्यांचे औदार्य. अशी मोकळीक मिळाली म्हणजे वक्त्याने संतवाङ्मयावर अथवा नाट्यसंगीतावर बोलावे, असा आपल्या मंडळांचा जुना प्रघात आहे आणि तो मोडण्याची आमची मुळीच इच्छा नव्हती. परंतु उभा जन्म ज्या व्यवसायात गेला त्याविषयीच चार शब्द बोलावेत, त्यात निदान अज्ञान उघडे पडण्याची भीती कमी, असा विचार करून आम्ही आजचा विषय घेतला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत कोणास कोणता अधिकार द्यावा, किती द्यावा आणि तो परत केव्हा घ्यावा, हा तो विषय. विषय जाहीर होताच मागच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांनी हातातील पत्रिका पंख्यासारखी हलवावयास सुरुवात केली, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. त्यांना आमची विनंती एवढीच की, रात्री अकरा वाजता ‘कॉल आहे’ म्हणून ज्या घरातील मुलगा, सून अथवा जावई खोलीचे दार लावून घेत नाही, असे घर या सभागृहात क्वचितच असेल. त्या दारामागच्या जगातली ही एक गोष्ट आहे, आणि ती ऐकताना आपल्या मंडळाची आठवण झाल्यास नवल मानू नये.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संगणकास ज्या आज्ञा द्यावयाच्या त्या माणसाला वाचता येतील अशा स्वरूपात आधी लिहाव्या लागतात. या लेखनास आपण मूळ संहिता म्हणू या. पुष्कळ कंपन्या ही संहिता तिजोरीत ठेवतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती केवळ तयार वस्तू देतात. मुक्तस्रोत प्रकल्पात ती सर्वांसमोर मांडलेली असते. कोणीही वाचावी, नक्कल करून घ्यावी, आपल्या नकलेत हवे ते बदल करावेत आणि ती नक्कल दुसऱ्यास द्यावी; परवान्याच्या अटी तेवढ्या पाळावयाच्या. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी असलेले लिनक्स याच रीतीने घडले. बँकांचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्यातील नोंदी, यांच्या खालच्या थरांत कोठे ना कोठे असे मुक्त सॉफ्टवेअर असतेच, आणि त्यातील कित्येक तुकडे कोण्या एकट्यादुकट्या माणसाने नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसाही न घेता तयार केलेले व राखलेले असतात.

येथे एक गैरसमज होतो. ‘मुक्त’ म्हणजे कोणीही यावे आणि हवे ते लिहून जावे, असे लोकांस वाटते. तसे नाही. सार्वजनिक वाचनालयाचे दार सर्वांस उघडे असते, पण म्हणून प्रत्येक वाचकाला दाखलपुस्तकात खाडाखोड करता येत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पाचेही तसेच आहे. वाचन सर्वांचे. सूचनाही सर्वांच्या: ‘अमुक ओळ चुकली आहे, ती अशी हवी’ असे कोणीही लिहून पाठवू शकतो, या दुरुस्तीच्या मसुद्याला पॅच म्हणतात. परंतु तो मसुदा तपासून मूळ भांडारात दाखल करण्याचा लेखनाधिकार मोजक्यांपाशी असतो. त्यांना इंग्रजीत मेंटेनर म्हणतात. आम्ही राखणदार म्हणतो.

लेखनाधिकार ही जुडग्यातील एक किल्ली झाली. दुसरी किल्ली प्रकाशनाची, म्हणजे भांडारातील संहितेपासून नवी आवृत्ती सिद्ध करून, तीवर आपल्या सहीचा शिक्का उमटवून ती जगाला देण्याची. तिसरी संकेतस्थळाची. चौथी, ज्या पत्त्यावर दोषांच्या गुप्त सूचना येतात त्या टपालाची. आणि सर्वांत मोठी किल्ली म्हणजे इतरांना किल्ल्या देण्याची व काढून घेण्याची. मोठ्या प्रकल्पांत या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत असतात. लहान प्रकल्पांत त्या एकाच जुडग्यात, एकाच खुंटीला टांगलेल्या असतात, आणि खुंटीखाली एकच माणूस बसलेला असतो. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्या माणसाविषयी आहे.

मोठ्यांचे थोडक्यात सांगतो. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. आज त्यात जगभरचे हजारो लोक काम करतात, तरी प्रमुख भांडारातील अंतिम नोंद आजही टोरवाल्ड्स करतात. त्यांच्या हाताखाली एकेका विभागाचे राखणदार आहेत, त्यांच्या हाताखाली आणखी. दुरुस्ती एकेका पायरीवर तपासली जात वर चढते. या पद्धतीस सोयीचे म्हणून त्यांनी २००५ साली गिट हे साधन स्वतः लिहिले, आणि आज जवळजवळ सारे सॉफ्टवेअर-जग तेच वापरते. गिटमध्ये प्रत्येकापाशी पूर्ण इतिहासासह आपापली नक्कल असते. त्यामुळे ‘मला लेखनाधिकार नाही म्हणून माझे काम अडले’ असे होत नाही. आपल्या नकलेत काम करावे आणि वरच्यास ‘हे घ्या’ म्हणून सांगावे. घ्यावे की न घ्यावे, हे त्याच्या मर्जीवर आणि विवेकावर. २०१८ साली टोरवाल्ड्स काही आठवडे रजेवर गेले तेव्हा ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी प्रसिद्ध केली. काम अडले नाही, कारण दुसरा हात आधीच तयार होता.

अपाची या प्रकल्पाचा आरंभ १९९५ साली आठ जणांच्या गटाने केला. तेथे कामावरून अधिकार मिळतो. पुष्कळ दिवस चांगल्या दुरुस्त्या पाठविणाऱ्यास सभासद आपण होऊन लेखनाधिकार देऊ करतात. एखाद्या बदलास अधिकारी सभासद ‘उणे एक’ असे मत देऊन तो रोखू शकतो, परंतु त्यास तांत्रिक कारण द्यावेच लागते. नुसते ‘मला आवडत नाही’ चालत नाही. आपल्या कार्यकारिणीच्या सभांत हा नियम आला तर सभा किती लवकर आटोपतील, असा एक अप्रस्तुत विचार आमच्या मनात येऊन गेला. असो.

डेबियन या प्रकल्पाची रीत आम्हांस विशेष भावते. १९९३ पासून चाललेल्या या प्रकल्पात संपूर्ण अधिकाराच्या सभासदापाशी स्वतःची एक सांकेतिक किल्ली असावी लागते, आणि त्या किल्लीवर जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. सही करणाऱ्याने उमेदवारास सामान्यतः प्रत्यक्ष भेटून, त्याचे ओळखपत्र पाहून खातरजमा करावयाची. संगणकावर सारे जग भेटत असताना हे लोक एकमेकांस समोरासमोर पाहण्याचा आग्रह धरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे वार्षिक संमेलन आपल्या देशात, कोची येथे भरले होते. अशा संमेलनांत चहाच्या वेळी माणसे पारपत्रे हातात घेऊन एकमेकांची नावे पडताळून पाहतात, हे ऐकून गंमत वाटते. पण पुढची हकीगत ऐकल्यावर ती वाटेनाशी होईल.

एक्सझेड नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. माहिती दाबून लहान करणे आणि पुन्हा उलगडणे, एवढेच त्याचे काम. गाद्या-रजया दाबून ट्रंकेत भराव्यात तसे. दिसावयास क्षुल्लक, पण लिनक्सच्या बहुतेक संचांत ते असते. फिनलंडमधील लासे कोलिन हे गृहस्थ कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनावेतन, हे राखीत आले. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस ‘जिया तान’ या नावाने कोणी एकाने तेथे दुरुस्त्या पाठवावयास प्रारंभ केला. दुरुस्त्या चांगल्या होत्या. वागणूक सौजन्याची होती.

२०२२ च्या वसंतात काही निराळ्याच नावांची पत्रे प्रकल्पाच्या टपालात येऊ लागली. सूर एकच. दुरुस्त्या पडून आहेत, राखणदाराला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती कारभार का देत नाही? ही नावे अन्यत्र कोठे फारशी आढळली नाहीत, हे सर्वांच्या लक्षात आले ते दोन वर्षांनी. त्या वेळी कोलिन यांनी जाहीरपणे लिहिले की, रस गेलेला नाही, परंतु दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे शक्ती कमी पडते, आणि हे काम बिनपगारी हौसेचे आहे हेही ध्यानात ठेवावे. जिया तान यांच्याकडे पुढे अधिक जबाबदारी येऊ शकेल, असेही त्यांनी सूचित केले.

बंधुभगिनींनो, हे पत्र वाचताना आम्हांस फार वाईट वाटले. जगातील धनाढ्य कंपन्या ज्याच्या कामावर उभ्या होत्या, तो माणूस ‘मी थकलो आहे’ असे चारचौघांत सांगतो, आणि मदतीला धावून येतो तो एकटा चोर!

पुढे एकेक किल्ली हस्तांतरित होत गेली. २०२३ च्या आरंभी जिया तान स्वतःच्या हाताने भांडारात नोंदी करीत होता. त्याच वसंतात आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे कामही तो पाहू लागला. एक बाहेरची यंत्रणा या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेऊन दोष कळवीत असे. तेथील संपर्काचा पत्ता त्याच्या नावे झाला, आणि काही महिन्यांनी चाचणीतील एक भाग बंद ठेवण्याची विनंतीही त्याने केली. संकेतस्थळही त्याच्या हाताखाली आले. यांतील प्रत्येक पाऊल वेगळे पाहिले तर अगदी रास्त वाटते. काम करणाऱ्या माणसाला कामाची साधने द्यावयाची नाहीत, तर कोणास द्यावयाची?

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० ही आवृत्ती निघाली. तीत एक चोरदरवाजा होता. दूरच्या संगणकात शिरताना ज्या एसएसएच नावाच्या दारातून जावे लागते, त्या दाराशी काही लिनक्स संचांत एक्सझेडचा आडवळणाने संबंध येतो. तो साधून, ज्याच्यापाशी विशिष्ट गुप्त किल्ली आहे त्याने पासवर्डावाचून परक्या संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवाव्यात, अशी ती योजना होती. विषारी भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसास वाचता न येणाऱ्या फायलींत दडविला होता. आणि तो भाग जागा करणारी कळ सर्वांनी वाचावयाच्या भांडारात नव्हतीच. ती केवळ प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती! उघड्या दालनात मांडलेला ग्रंथ एक, आणि मागच्या दाराने वाटलेली प्रत दुसरी. लेखनाची आणि प्रकाशनाची किल्ली निराळी का हवी, असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात, तेव्हा आम्ही एवढेच सांगतो.

हे उघडकीस कसे आले? पोस्टग्रेस या माहितीसंचयाच्या प्रकल्पात काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते आपल्या संगणकावर काही मोजमापे घेत होते. एसएसएचच्या दारातून आत जावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी धागा धरला, मागोवा घेत मुळाशी गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व जाहीर केले. डेबियन, फेडोरा आदींच्या चाचणीच्या संचांत ती आवृत्ती पोहोचली होती. कोट्यवधी यंत्रांवरील स्थिर संचांत ती अजून शिरावयाची होती. कोलिन यांनी प्रकल्प पुन्हा ताब्यात घेऊन स्वच्छ केला. जिया तान कोण होता, एक माणूस होता की अनेक, हे कोणासही कळलेले नाही.

हा प्रकार पहिलाच नव्हे. २०१८ साली इव्हेंट-स्ट्रीम या लहान पण लोकप्रिय प्रकल्पाचा कर्ता डॉमिनिक टार याने, आपण ते वापरीनासे झालो म्हणून, आपण होऊन पुढे आलेल्या एका अनोळखी माणसाकडे तो सोपविला. त्याने त्यात लोकांची आभासी चलनाची पाकिटे लुबाडणारा भाग घुसविला. उलट २०२१ च्या मार्चमध्ये पीएचपी या प्रकल्पाच्या भांडारात खुद्द प्रमुखांच्या नावाने दोन घातकी नोंदी झाल्या, त्या काही तासांतच पकडल्या गेल्या, कारण नोंद कोणाचीही असो, ती मागाहून दुसऱ्याने वाचावयाची असा तेथे परिपाठ होता.

एक्सझेडच्या हकिगतीनंतर पुष्कळांनी कोलिन यांस दोष दिला. आम्ही देत नाही. त्यांनी अनोळखी माणसावर विश्वास टाकला खरा. पण सारी मुक्तस्रोत चळवळ अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासावरच उभी आहे. दोष असेल तर तो असा की, एकच थकलेला राखणदार आहे हे हजारो जणांस दिसत असूनही त्याच्या शेजारी बसावयास कोणी गेले नाही. मंडळांचे आयुष्य जवळून पाहिलेल्यांस हे चित्र परिचयाचे आहे. आम्ही पूर्वी ज्या गावी नोकरीस होतो तेथील मंडळात एका चिटणीसांनी बावीस वर्षे कारभार वाहिला. कपाटाची किल्ली त्यांच्यापाशी, बँकेतली चालू सही त्यांची, सभासदांचे पत्ते त्यांना मुखोद्गत. गणेशोत्सवास चार दिवस असताना त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. मखर, समया, पावतीपुस्तके, सारे कपाटात! शेवटी कुलूपवाल्याला बोलावून कुलूप तोडले. बावीस वर्षांत ‘दुसरी किल्ली करून घेऊ या का?’ असे त्यांना कोणीच विचारले नव्हते. ‘पत्रिका अजून का आली नाही?’ असे मात्र दरवर्षी विचारले होते. विचारणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता आमची स्वतःची गोष्ट, जी सांगावी की न सांगावी याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी संगणकावर मराठी टंकलेखन केले त्यांना आठवत असेल की, त्या काळी प्रत्येक टंकाचा हिशेब निराळा होता. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांची नुसती रांगोळी होई. युनिकोडची व्यवस्था रुळल्यावर ते सारे जुने साहित्य वाचण्याजोगे करावयाचे होते. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकाही त्यात होत्या. त्यासाठी आम्ही २००९ साली एक लहानसे रूपांतरक सॉफ्टवेअर लिहिले आणि मुक्तस्रोत म्हणून लोकांपुढे ठेवले. पुढे काही छोटे प्रकाशक आणि वकील मंडळी ते वापरू लागली.

२०१७ मध्ये एका तरुणाने आम्हांस दुरुस्त्या पाठविण्यास आरंभ केला. उत्तर बंगालमधील हा मुलगा, मातृभाषा नेपाळी. मराठी त्याला येत नव्हती. परंतु ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील र आपण जसा आडव्या फराट्यासारखा काढतो, तसाच नेपाळीतही काढतात. युनिकोडमध्ये हा र दोन रीतींनी लिहिता येतो आणि आमचे सॉफ्टवेअर एकच रीत ओळखत होते. त्यामुळे ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होई. आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांना जे आठ वर्षे खुपले नाही, ते त्या नेपाळीभाषी मुलाने दाखवून दिले. मग तो नियमाने काम करू लागला.

२०१९ साली आमच्या घरी मोठे आजारपण आले. एका रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून आम्ही त्याला सर्व अधिकार देऊन टाकले. लेखनाचा, प्रकाशनाचा, संकेतस्थळाचा पासवर्ड, सारे एकाच पत्रात. त्यास आम्ही कधी पाहिले नव्हते. त्याने एका शब्दाची कुरकुर न करता काम पुढे चालविले, आणि आम्ही ते विसरून गेलो.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेडची बातमी वाचली, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. उठून आमच्या प्रकल्पाची अधिकार-यादी उघडली. चार नावे होती. एक आमचे. एक अशा गृहस्थांचे, ज्यांनी आठ वर्षांत एक ओळही लिहिली नव्हती. तिसरे आमच्या एका स्नेह्याचे, जे २०२१ च्या साथीत आम्हांस सोडून गेले. त्यांचा अधिकार तसाच जिवंत होता. आणि चौथे त्या मुलाचे. तिसरे नाव काढताना हात थरथरला. चौथे मात्र आम्ही ताडकन काढले, आणि त्याला कळविलेही नाही.

सकाळी आम्ही स्वतःलाच विचारले की, असे का केले? त्याच्या कामात काही आक्षेपार्ह होते काय? नव्हते. त्या दिवसांत ‘जिया तान’ या नावावरून तो कोणत्या देशाचा, कोणत्या वंशाचा असेल, याचे तर्क सर्वत्र चालले होते. आमच्याही मनाने रात्री तेच केले होते. दूरचा मुलगा, वेगळे आडनाव, कधी न पाहिलेला. बंधुभगिनींनो, आपण सारे परप्रांतात राहिलेली माणसे. नुसते आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणारे घरमालक आपल्या वडिलांनी पाहिले, आणि केवळ कामावर विसंबून गुदामाच्या किल्ल्या हाती देणारे परभाषी मालकही पाहिले. आमच्या वडिलांना पहिली किल्ली देणारा माणूस मराठी नव्हता. हे आठवून आम्हांस त्या सकाळी लाज वाटली.

आम्ही त्यास दूरध्वनी केला. बोलणे हिंदीत झाले. त्याने शांतपणे सांगितले की, अधिकार काढले हे योग्यच केलेत; एकट्याजवळ इतके असूच नये, असे त्यालाही वाटत होते; पण मला सांगून काढावयाचे होते. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही क्षमा मागितली.

मग दोघांनी बसून, म्हणजे तो तिकडे आणि आम्ही इकडे बसून, नियम लिहिले. या वेळी आम्हांस सभासदाची बखर आठवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती लिहिली गेली तीही महाराष्ट्रात नव्हे, तर दूर तामिळ मुलखात, जिंजी येथे. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी समान दर्जाचे असत आणि तिघांनी मिळून कारभार करावयाचा, असे सभासद नमूद करतो. तिघांपैकी कोणी अविश्वासू होता म्हणून ही व्यवस्था नव्हती. तिघेही निवडून नेमलेलेच असत. परंतु गड एका माणसाच्या लोभावर, भीतीवर किंवा आजारावर टांगून ठेवावयाचा नसतो. हे आम्ही त्या मुलास सांगितले तेव्हा तो म्हणाला की, आता तिसरा माणूस शोधला पाहिजे.

तिसऱ्या म्हणून कानपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या मराठीच्या जाणकार आहेत, संगणकाच्या बेताच्याच. पण बदल वाचून ‘हे कशासाठी?’ असे विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी आहे, आणि राखणदारास तेवढे पुष्कळ होते. आता कोणताही बदल लिहिणाऱ्याने स्वतः दाखल करावयाचा नाही. दुसऱ्याने वाचून करावयाचा. नवी आवृत्ती कोणाच्या घरच्या संगणकावर सिद्ध होत नाही. उघड्या भांडारातून यंत्रच ती तयार करते, आणि तिघांपैकी दोघांची संमती लागते. पासवर्डासोबत फोनवर येणारा दुसरा अंक प्रत्येकास अनिवार्य आहे. जो वर्षभर काम करीत नाही त्याचा अधिकार आभार मानून परत घ्यावयाचा, नाव मात्र मानाच्या यादीत ठेवावयाचे आणि परत यावेसे वाटल्यास दार उघडे ठेवावयाचे. अधिकार काढण्यापूर्वी त्या व्यक्तीस कळवावयाचे, हे कलम त्या मुलाने स्वतः घातले. धोका तातडीचा असेल तर आधी काढून त्याच दिवशी कळवावयाचे, ही पुरवणी शिक्षिकाबाईंची. आणि ‘मी थकलो आहे’ असे कोणी लिहिले तर उरलेल्या दोघांनी आठवड्याच्या आत त्याचे काम वाटून घ्यावयाचे, नव्या माणसाचा शोध त्यानंतर, हे कलम आमचे.

हे सारे करावयास वेळ लागतो, हे खरे. कित्येकदा काम रेंगाळते. परवा दिवाळीच्या सुमारास प्रस्तुत सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी १९९८ सालच्या स्मरणिकेतील काही लेखांचे रूपांतर करताना आम्हांस एक चूक सापडली. आम्ही घाईने दुरुस्ती लिहिली आणि मुद्रणालय खोळंबले आहे असे सांगून ती ताबडतोब घ्यावी म्हणून पाठविली. त्या मुलाने ती परत केली. सोबत चाचणी जोडलेली नाही, आणि घाईचे कारण देऊन आलेला बदल अधिक सावकाश वाचावयाचा असे आपले ठरले आहे, असे त्याने नम्रपणे लिहिले होते. आम्ही चाचणी लिहिली. शिक्षिकाबाईंनी दोन शंका काढल्या, त्यातील एक रास्त निघाली. नऊ दिवसांनी दुरुस्ती दाखल झाली, आणि ग्रंथ मुद्रणालयात तितकाच उशिरा गेला. संपादकांची आम्ही तेव्हाच माफी मागितली आहे.